भंगारातल्या सायकली, अर्धे तिकीट आणि पेठेतले एक मंडळ

कोल्हापूरच्या पेठांत गणपती, फुटबॉलचा संघ, महापुरातले मदतकार्य आणि शेजाऱ्यांची भांडणे मिटवण्याचे काम या सगळ्यांचा पत्ता तालीम हाच असतो. मंगळवार पेठेतील अशाच एका तालीम मंडळाने वापराविना पडलेल्या सायकली गोळा करून, दुरुस्त करून, पेठेतून एसटी स्टँडवर जाणाऱ्या कामगारांना आणि विद्यार्थ्यांना भाड्याने देण्याचा उपक्रम चालवला. तो कसा सुरू झाला, कुठे अडला आणि आज कोणत्या रूपात उरला आहे, याची ही नोंद आहे. मंडळाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. त्याची गरजही नाही, कारण अशी परिस्थिती शहरातल्या कोणत्याही जुन्या पेठेत सापडेल.

मंडळाने ठरवून सायकलीचा विषय घेतला नव्हता. मूळ प्रश्न स्टँडपर्यंत पोहोचण्याचा होता. या गल्ल्यांतील बऱ्याच महिला आणि काही तरुण कागलच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतींत पॅकिंग, शिलाई आणि फिनिशिंगच्या कामाला जातात. पहिल्या पाळीसाठी त्यांना पहाटेच घर सोडावे लागते. मध्यवर्ती बसस्थानक पेठेपासून उमा टॉकीज, फोर्ड कॉर्नर, व्हीनस कॉर्नर या वाटेने दोन-अडीच किलोमीटरवर आहे. हे अंतर रोज पहाटे डबा घेऊन आणि परतीच्या वेळी आठ तास उभ्याने काम करून चालायला फार आहे, आणि रिक्षा करण्याइतके मोठेही नाही. सकाळी त्या वेळेला शहर बस मिळेलच असे नसते, त्यामुळे बहुतेक जणी शेअर रिक्षाने, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वडापने जात.

यात फरक पडला तो तिकिटामुळे. १७ मार्च २०२३ पासून राज्य शासनाच्या महिला सन्मान योजनेखाली एसटीच्या बसगाड्यांत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते आणि कागल अठरा-वीस किलोमीटरवर आहे, म्हणजे तीन-चार टप्प्यांचा प्रवास अर्ध्या पैशांत होऊ लागला. स्टँडपर्यंतच्या वडापचे पैसे मात्र तेवढेच राहिले. त्यामुळे अडीच किलोमीटरचा प्रवास वीस किलोमीटरच्या प्रवासाच्या बरोबरीला आला, आणि ज्या दिवशी रिक्षावाला एखादे सीट भरण्यासाठी खोळंबून ठेवी त्या दिवशी बस चुकून वर अर्ध्या दिवसाचा पगार जाई. जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ झाली तेव्हाही हे गणित फारसे बदलले नाही, कारण वाढीचा निम्माच भार महिलांवर पडला. प्रवासाचा खर्च म्हटले की आपण बसच्या तिकिटाकडे बोट दाखवतो. येथे ते तिकीट स्वस्त झाल्यामुळेच आधीच्या छोट्या टप्प्याची महागाई पहिल्यांदा डोळ्यांत भरली.

सायकलींचा विषय निघाला तो गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी फिरताना. पेठेच्या कडेने गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला हवा गेलेल्या सायकली साखळीने बांधून ठेवलेल्या कार्यकर्त्यांना दिसल्या. मुलगा दहावीपर्यंत सायकलने गेला, मग त्याला मोपेड मिळाली आणि सायकल तिथेच राहिली, ही जवळजवळ प्रत्येक सायकलची कहाणी होती. वर्गणीच्या पावतीबरोबर सायकलही मागावी अशी कल्पना एकाने मांडली, आणि दोन-तीन रविवारी टेम्पो फिरवून मंडळाने पंचवीस-तीस सायकली तालमीच्या मागच्या जागेत आणून टाकल्या.

येथे मंडळातल्या एका निवृत्त पोलीस कर्मचाऱ्याने घातलेली अट उल्लेखनीय आहे. प्रत्येक सायकलीबरोबर देणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी घ्यायची आणि तिच्यावर फ्रेमचा नंबर लिहायचा. हा नंबर बहुधा पेडलच्या खालच्या नळीवर किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो, आणि तो वाचण्यासाठी पॉलिश पेपरने गंज घासून काढावा लागतो. तरुण मुलांना हा प्रकार निव्वळ वेळकाढूपणा वाटला. पुढे एका अपार्टमेंटमधल्या भाडेकरूने आपली सायकल न विचारता नेल्याची तक्रार केली, तेव्हा ती सायकल घरमालकाने दिल्याची चिठ्ठी निघाली आणि प्रकरण तालमीच्या कट्ट्यावरच मिटले. सायकलीला ना नोंदणी, ना आरसी बुक. अशा वस्तूच्या मालकीचा पुरावा म्हणून ही चिठ्ठी हाच एक कागद असतो.

मामांची निवड

दुरुस्तीचे काम पेठेतल्याच एका वयस्कर कारागिराकडे आले. सगळे त्यांना मामा म्हणतात. तासाच्या भाड्याने सायकली देण्याची दुकाने गावोगाव होती त्या काळात त्यांचेही तसे दुकान होते. आता ते पंक्चर काढतात आणि शाळेच्या मुलांच्या सायकली दुरुस्त करतात. मंडळाची अपेक्षा अशी होती की आणलेल्या सगळ्या सायकली रस्त्यावर याव्यात. मामांनी पहिल्याच दिवशी ती मोडीत काढली.

त्यांची पारख पाहण्यासारखी होती. सीट काढून ते फ्रेम उलटी करीत आणि सीटच्या नळीवर पान्याने दोन-चार ठोके देत. लालसर भुकटी चिमूटभर पडली तर सायकल उजव्या बाजूला, मूठभर पडली तर डाव्या बाजूला. “वरचा गंज दिसतोय, तो घासला की जातोय. आतला दिसत न्हाई आणि जातबी न्हाई,” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. त्यानंतर ते पेडलच्या ॲक्सलजवळचा जोड पाहत. तिथे केसाएवढी जरी चीर असली तरी ती सायकल कोणाला द्यायची नाही, कारण चढावर उभे राहून पेडल मारताना सगळा जोर त्याच जोडावर येतो. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर यांकडे त्यांनी निवडीच्या वेळी लक्षही दिले नाही, कारण या गोष्टी बदलायच्याच असतात.

स्वस्त गिअरच्या सायकलींबाबत त्यांचे मत कडक होते. या सायकलींचे मागचे गिअर यंत्र एकदा वाकले की नेमका त्याचा भाग बाजारात मिळत नाही आणि मिळाला तर त्याची किंमत जुन्या सायकलीच्या किमतीच्या जवळ जाते. म्हणून त्यांनी गिअर काढून, चेन लहान करून आणि मागे साधे फ्री-व्हील बसवून त्या सायकली एकाच गतीच्या केल्या. मुलांना हे पटले नाही, पण स्टँडची वाट बरीचशी सपाट असल्याने वापरणाऱ्यांची तक्रार आली नाही. खरी अडचण टायरच्या मापांची होती. २०, २४, २६ आणि जुन्या काळ्या सायकलींचे २८ इंची अशी चार मापे एका गोठ्यात आली की सुट्या भागांचा साठा ठेवणे कोणालाच परवडत नाही. शेवटी मामांनी २६ आणि २८ इंची सायकलीच ठेवल्या आणि लहान मापाच्या सायकली शाळकरी मुलांना देऊन टाकायला सांगितल्या. गोळा केलेल्यांपैकी साधारण निम्म्या वापरात आल्या. मंडळाच्या फेसबुक पानावर आधीच सगळ्यांचा फोटो टाकलेला असल्याने काहींना हा आकडा कमी वाटला. माझ्या मते निम्म्या निघाल्या हेच पुष्कळ होते.

उरलेल्या सायकली भंगारात गेल्या आणि तिथे आणखी एक गोष्ट कळली. कोल्हापूर हे फाउंड्रीचे गाव. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील भट्ट्यांत पिग आयर्नबरोबर पोलादी भंगारही वितळवले जाते, तेव्हा सायकलीचे लोखंड गावातल्या गावात खपेल आणि चांगला भाव मिळेल असा मंडळाचा समज होता. प्रत्यक्षात भंगारवाल्याने सायकलीला हलक्या मालाचा भाव लावला. पातळ नळी आणि गंज यांमुळे वितळवताना घट जास्त येते आणि मळी वाढते. चकचकीत हँडल आणि रिम यांच्यावर क्रोमचा मुलामा असतो; क्रोमियम बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, गेले की कास्टिंगमध्ये कठीण जागा तयार होतात आणि पुढे मशिनिंगला टूल टिकत नाही. जस्ताचा मुलामा असलेला भाग भट्टीत धूर करतो. म्हणून व्यापारी असा माल वेगळा काढतो आणि कमी भावाने घेतो. वीसेक किलोची जुनी सायकल मोडीत काढून जे पैसे आले त्यांत एका चालू सायकलीचे दोन टायरही धड आले नाहीत. सायकल दुरुस्त करून वापरणे हे पर्यावरणासाठी योग्य आहे असे मंडळाच्या फलकावर लिहिले होते. ते आर्थिक हिशेबानेही योग्य आहे, हे भंगारवाल्याच्या काट्याने दाखवून दिले.

पास आणि ताबा

सायकली तयार झाल्यावर त्या तालमीत उभ्या करायच्या, सकाळी ज्याला हवी त्याने वहीत नाव लिहून न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची, अशी पहिली व्यवस्था होती. ती काही आठवड्यांतच कोसळली. पहिल्या पाळीची माणसे पहाटे येत तेव्हा वही सांभाळणारा झोपलेला असे. दुसरे म्हणजे, स्टँडवर सायकल ठेवायची कुठे हे कोणी ठरवले नव्हते. दुचाकींच्या गर्दीत उभी केलेली सायकल संध्याकाळी सापडे, पण तिचा पंप, घंटी किंवा सीट सापडेलच असे नसे.

जागेचा प्रश्न स्टँडजवळच्या एका चहाच्या गाड्यावाल्याने सोडवला. त्याच्या गाड्यामागच्या बोळात सायकली उभ्या राहू लागल्या. त्याने पैसे मागितले नाहीत. पण मंडळाने दर महिन्याला काही रक्कम त्याला द्यायचे ठरवले आणि हा निर्णय माझ्या मते या सगळ्या उपक्रमातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. फुकट केलेल्या उपकाराला पावसाळ्यात किंवा भांडण झाल्यावर धक्का लागतो. पैसे घेणारा माणूस सायकल हलवताना विचारतो.

ताब्याचा प्रश्न सुटला तो तिकिटाच्या प्रकारावरून. एसटीच्या मासिक पासात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो. आठवड्याची एक सुट्टी धरली तरी कामगाराचे सव्वीस दिवस होतात, म्हणजे पास त्याला फायद्याचा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते. या दोन्ही गटांनी महिन्याचे पैसे आधीच भरलेले असल्याने ते रोज जातात, ठरावीक बसने जातात आणि पाऊस असो वा कंटाळा, सायकल उचलतात. महिलांची पद्धत वेगळी. त्यांतल्या बहुतेकींना पगार रोजंदारीच्या हिशेबाने मिळतो, काम कधी चार दिवस असते, कधी सहा, आणि महिन्याचे पैसे एकदम काढून ठेवण्यापेक्षा रोजचे अर्धे तिकीट काढणे त्यांना सोपे जाते. त्या दिवशी गेलेच नाही तर त्या दिवसाचे पैसे खर्च होत नाहीत. त्यांना सायकलही तशीच हवी होती: ज्या दिवशी जायचे त्या दिवसापुरती.

दोन्ही गटांना एकाच वहीत बसवण्याच्या प्रयत्नात पहिली व्यवस्था मोडली होती. मंडळाने नंतर पासधारकांना सायकल महिनाभरासाठी घरीच दिली. कुलूप त्यांचे, पंक्चरही त्यांचे. रोजचे तिकीट काढणाऱ्या महिलांसाठी काही सायकली वेगळ्या ठेवल्या आणि त्यांच्या किल्ल्या तालमीऐवजी पहाटे चारला उठणाऱ्या दूधवाल्याच्या दुकानात टांगल्या. त्यांचे भाडे दिवसाचे, तेही वडापच्या एका फेरीपेक्षा कमी. या बदलानंतर तक्रारी जवळपास थांबल्या. शहरांतल्या सायकल योजनांत ॲप, कुलूप आणि डॉकची चर्चा होते, पण चढणाऱ्याच्या हातात पुढच्या वाहनाचे कोणते तिकीट आहे हे क्वचितच कोणी विचारते. येथे तेवढ्या एका माहितीने अर्धा गोंधळ मिटला.

महिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड आली होती, ती पोशाखाची. साडी नेसणाऱ्यांना मधली आडवी नळी असलेली सायकल चालत नाही आणि गोळा झालेल्यांत मुलींच्या सायकली थोड्याच होत्या. काहींनी कामाला जाताना ड्रेस घालायला सुरुवात केली, काहींनी नाही. मंडळाने यावर भाषण केले नाही, हे बरे झाले.

रद्दीवरून झालेला वाद

सुट्या भागांचा खर्च भाड्यातून निघेना, म्हणून मंडळाने दुसरी कल्पना काढली. घरोघरचा सुका कचरा, विशेषतः रद्दी, पुठ्ठा आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या, दर रविवारी गोळा करायच्या आणि विकून आलेल्या पैशांत टायर-ट्यूब आणायच्या. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे तेव्हा घराघरांचे काम होतेच. मंडळाने त्याला हातभार लावला तर चांगलेच, असे सगळ्यांना वाटले. पहिल्या रविवारी तालमीसमोर पुठ्ठ्याचा ढीग लागला.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी, या गल्ल्यांत रोज सकाळी टिपर, म्हणजे कचरागाडी, येण्याआधी फिरणाऱ्या कचरावेचक मावशी तालमीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “दादा, पुठ्ठा तुम्ही न्यायचा, बाटल्या तुम्ही न्यायच्या, मग मी काय केळीची सालंच उचलू व्हय?” मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला की पैसे समाजकार्यासाठीच जात आहेत. मावशींनी विचारले, “मग मी कुठल्या समाजातली?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. सुक्या कचऱ्यात जे विकले जाते ते थोडेच असते. पुठ्ठा, वर्तमानपत्र, पाण्याच्या बाटल्या आणि पत्रा यांना भाव असतो. वेफर्सच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे, थर्माकोल यांना जवळपास नसतो. मंडळाने नकळत वरची मलई काढून घेतली होती आणि बाकीचे मावशींसाठी ठेवले होते. शहरात कचरावेचक महिलांसोबत काही संस्था वर्षानुवर्षे काम करतात, त्यांच्यापैकी कोणालाही आधी विचारले असते तरी हे कळले असते. दोन बैठका झाल्या, एका बैठकीत आवाज चढले, आणि शेवटी मंडळाने रद्दी सोडून दिली. रविवारचा सुका कचरा आजही तालमीसमोर येतो, पण तो मावशी आणि त्यांची सून वेगळा करतात, विकतात आणि पैसे ठेवतात. मंडळ फक्त जागा, सावली आणि वजनकाटा देते. बदल्यात, ज्याचे काही होत नाही तो माल त्या एका पोत्यात बांधून टिपरला देतात, म्हणजे तो गटारात जात नाही. ही वाटणी कागदावर नाही. ती टिकली आहे, कारण दोन्ही बाजूंना तिच्यात काहीतरी मिळते.

याच वर्गीकरणात एक लहानशी गोष्ट मावशींनी मुलांना शिकवली. बसच्या मशीनमधून निघणारी तिकिटे, एटीएमच्या चिठ्ठ्या आणि दुकानांची बिले मावशी रद्दीत टाकत नाहीत. कागदावर नखाने ओरखडा काढायचा; घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटली तर तो कागद बाजूला. हा थर्मल कागद असतो, त्याच्यावरच्या उष्णतेने काळ्या पडणाऱ्या थरात बहुधा बिस्फेनॉल गटातील रसायन असते आणि ते कागदाच्या लगद्यात मिसळते. मावशींना रसायनाचे नाव माहीत नव्हते. रद्दीवाला असा कागद परत करतो, एवढे त्यांना माहीत होते.

रद्दी सुटल्यावर पैशांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मंडळाने सायकलीचे भाडे थोडे वाढवले आणि गणेशोत्सवाच्या खर्चातून एका दिवसाची डीजेची रक्कम वळवली. त्यावरून मंडळात जितका वाद झाला तितका सायकलींवरून कधी झाला नव्हता, आणि तो वाद पुढच्या वर्षीही होणार हे उघड आहे.

पावसाळ्यात हा उपक्रम जवळजवळ थांबतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की पेठेतले लोक रोज सकाळी आकडा विचारू लागतात, आणि ४३ फुटांच्या धोका पातळीपुढे पाणी गेले की जयंती नाल्याच्या बाजूने व्हीनस कॉर्नरकडे पाणी चढण्याची भीती असते. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. त्या काळात चहाच्या गाड्यामागच्या सायकली आधीच तालमीत आणल्या जातात आणि महिला पुन्हा वडापने जातात. मामांनी मंडळाला सुचवले आहे की जुलै-ऑगस्टमध्ये सायकली वापरात ठेवण्याचा हट्ट धरू नये. त्याऐवजी त्या काळात सगळ्यांच्या बेअरिंगचे छर्रे काढून नवीन ग्रीस भरावे, कारण पावसाच्या पाण्याने ग्रीस धुऊन गेलेली सायकल दिवाळीपर्यंत करकरू लागते.

आजची स्थिती अशी आहे की पासधारकांच्या सायकली रोज चालतात, दिवसाच्या भाड्याच्या सायकली कमी चालतात आणि नवीन सायकली फारशा येत नाहीत, कारण आसपासच्या अपार्टमेंटमधला साठा संपला आहे. मामांना प्रत्येक सायकलीमागे मजुरी मिळते. त्यांच्या हाताखाली पेठेतला एक मुलगा शिकतो आहे. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, त्याला काढता येतो, ॲक्सलचे काम अजून येत नाही. न सुटलेली गोष्ट टायरची आहे. फाटलेल्या ट्यूब हातगाडीवाले आणि भाजीवाले सामान बांधायला घेऊन जातात, पण झिजलेले टायर कोणीही घेत नाही. भंगारवाला ते वजनात धरत नाही आणि टिपरवाला नाकारतो. तालमीच्या गच्चीवर त्यांचा ढीग आहे, पाऊस पडला की त्यांत पाणी साठून डास होतात, आणि डेंगीच्या दिवसांत आरोग्य विभागाचे कर्मचारी येऊन गेल्यापासून मंडळाने त्यांना भोके पाडून ठेवली आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिला आहे.